दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं सुधारायचं आणि पहाटे स्वतःचं लिहायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत ११ वर्षं अंतर्गत संवादाचं काम बघता. कर्मचाऱ्यांसाठीची पत्रकं, टाउन हॉलची, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांसमोरच्या सभांची भाषणं, मॅनेजर मंडळींसाठी फीडबॅकची वर्कशॉप्स. आता हेच काम स्वतंत्र सल्लागार म्हणून करायचं तुमच्या मनात आहे. सोबत तुम्ही कथा लिहिता, काही दिवाळी अंकांत छापूनही आल्या आहेत, आणि एका नाट्यसंस्थेच्या तालमींना जाता. तुम्ही विचारता: दोन्ही जमेल का, वेळ कसा काढायचा, करारात काय बघायचं, क्लायंटला लेखनाबद्दल सांगावं का, कामाच्या ठिकाणी नाटकाचा उपयोग करावा का, आणि नोकरी जूनमध्ये सोडावी की दिवाळीनंतर.

मी पुण्यात २२ वर्षं हे काम करते आहे. सुरुवात भोसरीतल्या छोट्या कारखान्यांपासून झाली, नंतर चाकण आणि रांजणगावचे मोठे प्लांट, बँका, दोन-तीन रुग्णालयं. एकांकिका आणि कथा त्याच्याही आधीपासून लिहिते. म्हणून जमतं, एवढं पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन पुढे जाते.

वेळेबद्दल सगळेच विचारतात. मला आधी भाषेबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या व्यवसायात लेखनाला पहिला धोका तिथून येतो आणि तो लवकर लक्षात येत नाही.

पोटापाण्याचं एक आणि मनाचं दुसरं, असं करणारी माणसं मराठीत कमी नाहीत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये ते सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आले. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला त्यांचं रुग्णालय. सतीश आळेकर बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात काम करत नाटकं लिहीत राहिले. कवी अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात ग्राफिक डिझायनर होते. ही उदाहरणं तुम्हालाही कोणीतरी दिली असतील. पण बारकाईनं पाहा. ऑपरेशन थिएटरात, प्रयोगशाळेत, डिझाइनच्या टेबलावर या माणसांचे हात आणि डोळे दिवसभर राबत होते. संवादासाठी लागणारा कान त्या कामानं वापरून टाकला नव्हता. आपलं तसं नाही. आपण दिवसभर जे विकतो ते शब्दच असतात आणि रात्री ज्यातून कथा काढायची तेही शब्दच. विहीर एकच आहे. सकाळपासून दुसऱ्याच्या शेताला पाणी सोडलं तर संध्याकाळी पोहरा तळाला लागतो.

नेमकं काय होतं ते सांगते. सल्लागार म्हणून आपण वाक्याला एकच अर्थ उरेल अशी व्यवस्था करतो. 'लवकरात लवकर' काढून 'शुक्रवारी चारपर्यंत' घालतो. 'तू नेहमी उशिरा येतोस' असं म्हणणाऱ्या सुपरवायझरला शिकवतो की प्रसंग सांग, वागणं सांग, त्याचा परिणाम सांग, शिक्का मारू नकोस. हे शिकवणं खरं आहे आणि त्यानं माणसांचं भलं होतं. पण कथेत नेमकं उलटं लागतं. तिथे माणूस भाजीबद्दल बोलतो आणि भांडण दहा वर्षांपूर्वीच्या अंगठीचं असतं. जे बोललं जात नाही त्यावर प्रवेश उभा राहतो.

माझ्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी नवरा-बायकोवर एक एकांकिका लिहिली होती. त्या वर्षी माझ्याकडे कामाचा पूर होता, आठवड्यात चार वर्कशॉप्स. पहिल्या वाचनाला नवऱ्याची भूमिका करणारा मुलगा दोन पानं वाचून थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हा असं का बोलतोय? याला कोणीतरी शिकवून पाठवल्यासारखं वाटतंय." संहिता घरी आणून पुन्हा वाचली. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. माझा नवरा बायकोला सांगत होता, "तू माझ्या आईसमोर गप्प बसतेस तेव्हा मला एकटं पडल्यासारखं वाटतं." कुठल्या मराठी घरात, भांडण पेटलेलं असताना, कोण असं बोलतं? माझ्या सगळ्याच पात्रांना आपल्याला काय वाटतं ते नीट ठाऊक होतं आणि ते नीट मांडताही येत होतं. दर प्रवेशाच्या शेवटी भांडण मिटत होतं. दिवसभर चाळीस मिनिटांत भांडण मिटवायला शिकवणारी बाई रात्री तेच लिहीत होती. ती एकांकिका मी बाजूला ठेवली आणि जवळजवळ दीड वर्ष संवाद असलेलं काही लिहिलं नाही.

तेव्हापासून जे पाळत आले ते सांगते. सकाळी साडेपाच ते साडेसात मी लिहिते, मेल उघडण्याच्या आधी. लोक याला शिस्त म्हणतात. माझ्यासाठी त्याचं कारण दुसरं आहे: दिवसातला पहिला शब्द कामाचा असला की दुपारपर्यंत कानात तेच वळण राहतं. व्हॉट्सॲपवरचा 'नोटेड, थँक्स'सुद्धा पुरतो. वर्कशॉपच्या दिवशी मी लिहायचा प्रयत्न करत नाही. त्या रात्री फक्त जुन्या मराठी गद्यातलं एखादं पान मोठ्यानं वाचते. मोठ्यानंच. तोंडाला दुसऱ्या लयीची आठवण राहावी एवढाच हेतू असतो. वर्कशॉप संपल्यावरचा पूर्ण एक दिवस सोडून मगच संवाद लिहायला घेते. त्या मधल्या दिवशी वर्णनं होतात, टिपणं होतात, जुन्या मजकुराची काटछाट तर उत्तम होते, कारण सल्लागाराचा हात काटछाटीला चांगला बसलेला असतो. माणसं मात्र त्या दिवशी बोलत नाहीत.

तुमच्यासारख्यांना आणखी एक. तुमचं नोकरीतलं काम इंग्रजीत चालतं आणि कथा मराठीत. हे तुमच्या फायद्याचं आहे, ते कुंपण सांभाळा. स्वतंत्र झाल्यावर तुम्हाला कारखान्यांची कामं येतील, तिथे मराठी आणि हिंदीत बोलावं लागेल आणि कुंपण मोडेल. माझं तसंच झालं. कारखान्यातल्या नोटिसा तुम्ही पाहिल्या असतील: 'सदर बाबीची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' कोण करणार, कशाची, काही पत्ता नाही. इंग्रजी मसुद्यावरून कोणीतरी ओढून आणलेली ही मराठी दिवसभर दुरुस्त करत बसलं की घरी येऊन आपल्याच वाक्यात 'करण्यात आलं' सापडू लागतं. मी दर मसुद्यावर एक फेरी फक्त या कर्मणी प्रयोगांच्या शोधात मारते.

आता उलट बाजू, कारण लेखनामुळे सल्लागारीचं जे भलं झालं ते मला कोणत्याही प्रमाणपत्रानं दिलं नसतं. चाकणच्या एका प्लांटनं मला शिफ्ट हँडओव्हर, म्हणजे एका पाळीनं पुढच्या पाळीला काम सोपवणं, सुधारण्यासाठी बोलावलं होतं. रात्रपाळीचे लाइन लीडर सकाळच्या पाळीला अडचणी सांगत नाहीत, रजिस्टरमध्ये तीन आठवडे सलग 'ओके' लिहिलेलं, आणि सकाळी मशीन सुरू केलं की रिजेक्शन, म्हणजे माल खराब निघायचा. व्यवस्थापनाला 'कम्युनिकेशन स्किल्स'चं दोन दिवसांचं ट्रेनिंग हवं होतं. नाटक लिहिताना आपण प्रत्येक पात्राबद्दल एक प्रश्न विचारतो: हा बोलला तर याचं काय जातं? मी तोच प्रश्न घेऊन दोन रात्री तिथे बसले. उत्तर सोपं होतं. पाळी सातला संपायची आणि कंपनीची बस सात दहाला सुटायची. रजिस्टरमध्ये अडचण लिहिणाऱ्याला सकाळचा इंजिनिअर थांबवून घ्यायचा, पंधरा मिनिटं विचारायचा आणि बस जायची. मग चाकणहून राजगुरुनगरपर्यंत आपल्या पैशानं, रात्रभर जागून. 'ओके' लिहिणाऱ्या माणसाला बोलायला व्यवस्थित येत होतं. मी ट्रेनिंग रद्द करायला सांगितलं. बस सात पंचवीसला करा आणि शेवटची दहा मिनिटं मशीनपाशी उभं राहून हँडओव्हर करा, एवढंच सुचवलं. माझी दोन दिवसांची फी गेली, पण त्या कंपनीनं पुढची नऊ वर्षं मला बोलावलं.

म्हणून 'लेखन हा छंद, सल्ला हे काम' अशी वाटणी मनातसुद्धा करू नका. ज्या कुतूहलानं तुम्ही पात्र लिहिता तेच कुतूहल क्लायंटकडे घेऊन जा. मात्र तिथे जे सापडतं ते परत वहीत आणायचं नाही. मला सगळ्यात जास्त याबद्दल सांगायचं आहे.

आपल्या वर्कशॉपमध्ये माणसं उघडी पडतात. दार बंद असतं, आपण सुरुवातीलाच सांगतो की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, आणि दुपारच्या चहानंतर कोणीतरी खरं बोलतं. लेखक म्हणून आपले कान त्या क्षणी टवकारतात. ते थांबवता येत नाही, थांबवायची गरजही नाही. प्रश्न पुढच्या पावलाचा आहे, आणि ते पाऊल मी एकदा चुकीचं टाकलं आहे.

एका कारखान्यात स्टोअर्समधले एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. बढतीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, "मला कोणी नाही म्हटलं नाही. फक्त विचारायचं बंद केलं." आठ-नऊ महिन्यांनी मी एक एकांकिका लिहीत होते. पात्र शाळेतल्या शिपायाचं, गाव दुसरं, कारण दुसरं. पण ते वाक्य जसंच्या तसं आलं. मला ते कुठून आलं हे माहीत होतं आणि तरी मी ठेवलं, कारण अख्खा प्रवेश त्या वाक्यावर तोललेला होता. मी स्वतःला समजावलं की नाव बदललंय, गाव बदललंय, कोणाला कळणार.

पिंपरी-चिंचवडमध्ये नाटकाची माणसं आणि कारखान्याची माणसं वेगळी नसतात, हे मी विसरले होते. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत वर्षानुवर्षं काम करणारे कितीतरी नट दिवसा लेथवर उभे असतात. त्या गृहस्थांचा एक सहकारी प्रयोगाला होता. त्यानं त्यांना सांगितलं. तिसऱ्या प्रयोगाला ते स्वतः आले. प्रयोग संपल्यावर विंगेत येऊन थांबले, चिडलेले अजिबात नव्हते, आणि म्हणाले, "मॅडम, ते मी घरीसुद्धा बोललो नव्हतो."

मी त्यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य काढलं. त्याच्या जागी काहीही बसलं नाही, प्रवेश लंगडा राहिला, आणि तो तसाच राहू दिला. ती एकांकिका नंतर केली नाही.

यावर सहकारी मला दोन गोष्टी सुचवतात. पहिली, परवानगी घ्यायची. मला ती पटत नाही. त्या माणसासमोर मी कंपनीनं आणलेली बाई असते. मी कोणाशी बोलते, अहवालात काय लिहिते, हे त्याला ठाऊक नसतं. तो 'चालेल की मॅडम' म्हणेल. त्या 'चालेल'ची किंमत आपल्याला कळायला हवी, आपण तर हेच शिकवतो. दुसरी सूचना, वेळ जाऊ द्यायचा. दहा वर्षांनी ते वाक्य माझं होत नाही, ते त्यांचंच राहतं.

मग लेखकानं करायचं काय? मी हे करते. वर्कशॉपची वही वेगळी, ती कामाच्या कपाटात राहते, अहवाल दिला की पानं फाडून टाकते. लिहायच्या वहीत तिथलं एक वाक्य, एक लकबसुद्धा जात नाही. पण तिथे ऐकलेल्या एखाद्या गोष्टीनं मी हलले असेन तर घरी येऊन स्वतःला विचारते, हे मला का लागलं? त्या गृहस्थांचं वाक्य मला लागलं कारण माझ्या वडिलांना निवृत्तीआधीची चार वर्षं कचेरीत कोणी काही विचारत नव्हतं आणि आम्हीही घरी विचारलं नव्हतं. ती गोष्ट माझी होती. ती लिहायला मला आणखी सहा वर्षं लागली, पण ती लिहिताना कोणाच्या विश्वासाला धक्का लागला नाही. पीएमपीच्या बसमध्ये, मंडईत, लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं मी बिनधास्त वापरते. तिथे कोणी मला दार बंद करून सांगितलेलं नसतं.

आणि तुम्ही पॉशच्या, म्हणजे कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्याच्या, वर्कशॉप्स घेणार असाल, किंवा त्याबद्दलच्या २०१३ च्या कायद्याखाली एखाद्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर बाहेरच्या सदस्य म्हणून जाणार असाल, तर तिथलं कणभरही कुठेच नको. कायद्यानंच ती सगळी कार्यवाही गोपनीय आहे. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

आता वेळ आणि पैसा. हे दोन वेगळे विषय वाटतात, पण स्वतंत्र माणसाचा वेळ खाणारी गोष्ट बहुतेकदा पैशाची धाकधूक असते. नव्या सल्लागाराची सकाळ कामानं जात नाही. फुकट प्रपोजलं, 'एकदा भेटूया' म्हणून बोलावलेल्या बैठका आणि अडकलेली बिलं यांच्या मागे ती जाते.

हिशोब असा बघा. वर्कशॉपचा एक दिवस म्हणजे माझ्या अनुभवात अडीच दिवस: आधीची तयारी आणि मुलाखती, प्रवास, नंतरचा अहवाल. मी वर्षाला ९० दिवसांच्या वर जात नाही, म्हणजे सव्वादोनशे दिवस तिथेच गेले. बाकीच्यात सण, आजारपणं, घर आणि लेखन. पहिल्या वर्षी १३० दिवस घेतले होते आणि त्या वर्षी एक ओळ लिहिली नाही. दिवसाची फी ठरवताना म्हणूनच वर्षाला हव्या असलेल्या रकमेला ९० नं भागा, २५० नं नाही. नोकरीच्या पगाराला कामाच्या दिवसांनी भागून जी फी येते ती निम्म्याहूनही कमी असते, आणि नवे लोक तीच सांगतात.

वर्षाचं चक्र तुमच्या बाजूनं आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, ट्रेनिंगचं उरलेलं बजेट जानेवारी ते मार्चमध्ये खर्च होतं. त्यात ४ मार्चपासून सुरक्षा सप्ताह आणि ८ मार्चचा महिला दिन. (महिला दिनाची पाऊण तासाची भाषणं मी घेणं बंद केलं. आधी वर्षभर महिलांच्या शौचालयाच्या वेळांबद्दल बोलू द्या, मग येते, असं सांगते.) एप्रिल-मे मात्र शांत असतात. नवी बजेटं मंजूर व्हायची असतात, अर्धी ऑफिसं सुट्टीवर. दिवाळी अंकांचे संपादक साधारण जून-जुलैत कथा मागतात. म्हणजे पहिला खर्डा एप्रिल-मेमध्ये, पुनर्लेखन जूनमध्ये. पाऊस पडायला लागला की संध्याकाळच्या तालमी. दिवाळीच्या आठवड्यात प्लांट बंद. कामाची भरती आणि लेखनाची भरती वेगवेगळ्या महिन्यांत येते, फक्त एप्रिलमध्ये रिकामं कॅलेंडर पाहून घाबरायचं नाही आणि पडेल दरात काम घ्यायचं नाही. त्यासाठी नोकरी सोडण्यापूर्वी आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा.

बिलांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिराला व्याज आहे. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, त्या मुदतीत न दिलेला खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे कळल्यापासून अकाउंट्सवाले उद्यम क्रमांक स्वतःहून विचारतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी, आपल्या सेवेवर १८ टक्के. ती रक्कम वेगळ्या खात्यात टाका, ती तुमची नाही. टीडीएस, म्हणजे क्लायंट बिलातूनच कापून सरकारकडे भरतो तो आयकर, १० टक्के कापला जाईल, आणि ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, भिंतीवर लिहून ठेवा. बाकीचं चांगल्या सीएला विचारा.

करारातली एक गोष्ट मात्र सीए सांगणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या छापील करारात असं कलम असतं की कराराच्या काळात सल्लागारानं निर्माण केलेलं सर्व साहित्य कंपनीच्या मालकीचं. वर्षभराचा रिटेनर, म्हणजे ठरावीक फीवर वर्षभर बांधून घेतलेलं काम, असेल तर त्या वर्षी लिहिलेली कथासुद्धा या शब्दांत बसू शकते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचा मूळ नियम तुमच्या बाजूचा आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाची पहिली मालक नोकरी देणारी कंपनी असते, पण स्वतंत्र सल्लागारानं लिहिलेल्या मजकुराची मालकी, लेखी हस्तांतर केलं नाही तर, त्याच्याकडेच राहते. हे छापील कलम म्हणजेच ते लेखी हस्तांतर. तिथे 'या खरेदी आदेशाखाली, या कामासाठी तयार केलेलं' एवढे शब्द घालून घ्या. आजवर माझ्याशी यावर कोणी वाद घातलेला नाही. त्यांच्या लीगल विभागाला तुमच्या कथेत रस नसतो, त्यांनी फक्त जुना मसुदा पाठवलेला असतो. तुमचं सध्याचं नियुक्तिपत्रही याच नजरेनं वाचा, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर कथा लिहीत असाल तर आजपासून थांबवा.

क्लायंटला लेखनाबद्दल सांगावं का? सांगा, एका ओळीत. लपवल्यानं उगाच मनावर ओझं राहतं. ज्यांना ते खटकतं त्यांच्याशी काम तसंही फार टिकत नाही. फक्त तुमच्या कथेत कचेरी असेल तर पहिल्या भेटीतच सांगून टाका की मी क्लायंटकडचं कधीच लिहीत नाही, आणि तसं करारातही घाला. मी ते कलम स्वतःहून देते. एचआरच्या माणसाचा चेहरा सैल होतो.

नाटकाचा ट्रेनिंगमध्ये उपयोग हा प्रश्न मोठा आहे. मी वर्षानुवर्षं फोरम थिएटर वापरते. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी ही पद्धत दबलेल्या माणसांसाठी घडवली: अन्यायाचा प्रसंग करून दाखवायचा, आणि प्रेक्षकातल्या कोणीही उठून 'मी असतो तर असं केलं असतं' म्हणत त्या पात्राची जागा घ्यायची. कारखान्यात हे विलक्षण चालतं. हेल्पर मुलगा सुपरवायझर होऊन उभा राहतो आणि त्याच्या आवाजातला फरक सगळ्यांना ऐकू येतो. पण खोलीत खरा सुपरवायझर बसलेला असेल तर सगळे शहाण्यासारखं वागून दाखवतात आणि ते बघवत नाही. म्हणून मी साहेबांना वेगळं बसवते, आणि ते मान्य नसेल तर साधं वर्कशॉप घेते. दुसरं, हे प्रसंग लिहिणं-बसवणं म्हणजे आपलं सर्जनशील काम झालं असं मानू नका. तो मोह फार गोड असतो: पैसेही मिळतात, टाळ्याही मिळतात, आणि नाटकच केल्यासारखं वाटतं. पण तिथे शेवट आधीच ठरलेला असतो, माणसं काहीतरी शिकून बाहेर पडायला हवीत. तुमच्या कथेला ते बंधन नको. तीन वर्षं मी त्या समाधानात काढली आणि नंतर पाहिलं तर वहीत स्वतःचं असं काही नव्हतं.

आता तारखेचं. जूनमध्ये सोडू नका. जूनपर्यंत बहुतेक कंपन्यांची वर्षाची आखणी होऊन गेलेली असते आणि व्हेंडर म्हणून, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत, नोंद व्हायलाच दीड-दोन महिने जातात, म्हणजे पहिला पैसा यायला दिवाळी उजाडेल. सप्टेंबरात राजीनामा द्या. नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा असेल तर नोव्हेंबरअखेर मोकळ्या व्हाल. डिसेंबरमध्ये उद्यम, बँकेचं चालू खातं आणि चार-पाच ठिकाणची व्हेंडर नोंदणी, जानेवारीत कामाच्या भरतीला तयार. तालमींना या पावसाळ्यात जरूर जा, पुढच्या वर्षी जमेलच असं नाही. आणि आजोळच्या घराच्या वाटणीवरची जी कथा अर्धी राहिली आहे म्हणून तुम्ही लिहिलंय, ती पगार चालू आहे तोवर पुरी करा. स्वतंत्र झाल्यावरच्या पहिल्या जानेवारी-मार्चमध्ये तुमच्याकडून काही लिहून होणार नाही, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बसाल तेव्हा अर्ध्या कथेकडे परतण्यापेक्षा नवीन सुरू करणं सोपं जातं.